आधी शाळा, मग सक्ती

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केलं. खेड्यातल्या सहा कोटी घरांत निदान एक माणूस तरी संगणक आणि स्मार्टफोन वापरण्याइतका शिकावा, हा त्यामागचा हेतू. वीस तासांचा अभ्यासक्रम, फी नाही, शेवटी परीक्षा. मार्च २०२४ अखेर योजना संपली तेव्हा ६ कोटी ३९ लाख माणसं तिच्यातून शिकली होती. काम मोठं झालं, यात वाद नाही. पण नाव नोंदवायला वयाची अट होती: १४ ते ६०. पेन्शन, हयातीचा दाखला, श्रावणबाळचं अनुदान, गुडघ्याच्या ऑपरेशनचे कागद हे सगळं ज्या वयात मागं लागतं, त्याच वयाला वर्गात जागा नव्हती. करवीर तालुक्यातली एकसष्ट वर्षांची बाई वयामुळं बाहेर राहिली, आणि कोल्हापूर शहरातली म्हातारी माणसं योजना ग्रामीण म्हणून बाहेर राहिली.

मंगळवार पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात याच प्रश्नावरून दोघांची जुंपलेली असते. बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि आता संघाच्या हॉलमध्ये मोबाईलचा वर्ग घेतात. आण्णा बँकेत कॅशियर होते. म्हाताऱ्यांना फोन शिकवणं म्हणजे बँकेनं आणि सरकारनं अंग काढून घ्यायला हातभार लावणं, असं त्यांचं ठाम मत. संघात दोघांना याच नावांनी हाक मारतात, म्हणून मीही तीच ठेवतो. त्यांचं बोलणं इथं मांडतो, आणि मला जिथं राहवणार नाही तिथं मधे बोलतो.

आण्णा: बाई, तुमच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही कुणाचं काम करताय ते बघा की जरा. पासबुक भरून द्यायला माणूस होता, तो काढला. स्लिप भरून पैसे मिळायचे, आता ‘एटीएमला जावा’ म्हणतात. आणि वर सांगतात, काका, ॲप घ्या. पगार त्यांचा वाचला. त्यांचं काम आता सत्तर वर्षांच्या म्हातारीनं करायचं, आणि तिला ते शिकवणार तुम्ही, तेही फुकट.

बाई: काउंटर कमी झाले हे वाईटच झालं. पण काउंटर होता तेव्हा सगळं चांगलं चाललं होतं असं म्हणू नका, आण्णा. माझ्या वर्गात एक आजी आहेत. श्रावणबाळचे दीड हजार महिन्याला जमा होतात. मुलानं ‘या महिन्याला आलं न्हाई’ म्हटलं की त्यांच्या लेखी आलं नाही. काउंटर होता की तेव्हाही. पण तिथवर त्यांना नेणार कोण? तोच मुलगा.

आण्णा: मग आता काय बदललं?

बाई: आता त्या मेसेज बघतात. इंग्रजी येत नाही त्यांना. ‘क्रेडिटेड’ जसं दिसतं तसं वहीत चित्रासारखं काढून घेतलंय आणि शेजारी लिहिलंय ‘आलं’. त्याच्या खाली ‘डेबिटेड’, शेजारी ‘गेलं’. मेसेज वाजला की वही उघडून जुळवून बघतात. जुळलं की आकडा वाचतात. आकडे येतात, बाजार केलाय आयुष्यभर. ॲप नाही, पिन नाही, क्यूआर नाही. एवढंच शिकल्या, पण त्यांच्या पैशाचा हिशेब आता त्यांच्याकडं आहे.

बाईंचा वर्ग मी बघितला आहे, म्हणून इथं थोडं थांबतो. या वयाच्या हाताला बटण दाबायची सवय. रेडिओचं, मिक्सरचं, जुन्या फोनचं, सगळी बटणं जोर लावून दाबायची. स्मार्टफोनवर बोट दाबून धरलं की फोन त्याचा भलताच अर्थ घेतो. चिन्ह जागेवरून हलायला लागतं, कधी ‘काढून टाकू का’ असं विचारतो. माणूस घाबरतो आणि आणखी जोरानं दाबतो. त्यात म्हातारपणी बोटांची टोकं कोरडी पडतात, मग काचेला कधी कधी स्पर्शच कळत नाही. घरातला नातू अशा वेळी ‘आजी, राहू दे, दे इकडं’ म्हणून फोन काढून घेतो. बाई फोन हातात घेत नाहीत. हा त्यांच्या वर्गाचा पहिला नियम आहे. त्या म्हणतात, टिकली लावताना बोट टेकवता ना, तेवढंच टेकवा. कोरड्या बोटांसाठी टेबलावर ओला रुमाल ठेवलेला असतो. पहिला धडा अक्षर मोठं करायचा, दुसरा चुकलो तर माघारी यायचा. पैशाचा विषय कितीतरी आठवड्यांनी निघतो. वीस तासांच्या हिशेबात हे बसणार नाही, आणि बसलं तरी फोन अपडेट होऊन चिन्हांच्या जागा बदलल्या की अर्धा वर्ग पुन्हा पहिल्या पानावर येतो.

आण्णा: नोव्हेंबरचं बोला की. माझ्या नोकरीत सगळ्यांत गर्दीचा महिना. पेन्शनर यायचे, माझ्यासमोर सही करायचे, मी चेहरा बघायचो, संपलं. माणूस हयात आहे का हे बघायला एक माणूस पुरायचा. आता ‘जीवन प्रमाण’चं ॲप घ्या, चेहरा ओळखणारं आधारचं दुसरं ॲप घ्या, आधी फोन चालवणाऱ्याचा चेहरा दाखवा, मग पेन्शनरचा, पीपीओ नंबर घाला, ओटीपी घाला, डोळे मिटा, उघडा. बोटाचा ठसा म्हणाल, तर उद्यमनगरातल्या फौंड्रीत जन्म काढलेल्या मोल्डरच्या बोटावर रेघ राहिलेली नसते. त्याची ईपीएस-९५ ची पेन्शन किती? किमान हजार रुपये, २०१४ पासून तेवढीच. त्या हजारासाठी मशीन त्याला विचारतंय, तू तूच का.

बाई: आणि ज्यांना तुमच्यासमोर यायलाच जमत नव्हतं, त्यांचं काय?

आण्णा: त्यांच्यासाठी मी खाली जायचो. रिक्षात बसल्या जागी सह्या घेतल्यात कितीतरी वेळा.

बाई: तुम्ही गेलात. सगळे जात नव्हते. चांगला माणूस भेटला तर काम होणार, याला व्यवस्था म्हणत नाहीत. ‘जीवन प्रमाण’ नोव्हेंबर २०१४ मध्ये आलं, चेहऱ्यावरून ओळख २०२१ मध्ये. अंथरुणावरच्या माणसाचा दाखला आता घरात बसून निघतो. कुणी नसलं तर पोस्टमन घरी येऊन काढून देतो, सत्तर रुपयांत.

आण्णा: पोस्टमन! म्हणजे शेवटी माणूसच लागला ना?

इथं आण्णांचं मला पूर्ण पटतं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना स्पष्ट सांगितलं आहे की सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्या: रोख पोचवा, चेक घेऊन जा, हयातीचा दाखलाही घरी जाऊन घ्या. ज्येष्ठांसाठी वेगळा किंवा प्राधान्याचा काउंटर असावा, हेही त्याच आदेशात आहे. ॲप घ्या असं सांगणारे फलक मला शाखाशाखांत दिसतात, घरपोच सेवेचा फलक क्वचितच दिसतो. हक्क असूनही तो कळू दिला नाही, तर म्हातारा माणूस ॲपकडं ढकलला जातोच.

आण्णांच्या पाकिटात एका बातमीचं कात्रण असतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे निवृत्त डॉक्टर कार्लोस सान हुआन, वय तेव्हा ७८, पार्किन्सनमुळं हात थरथरायचे. बँकेत काही विचारायला गेलं की ॲपवर बघा किंवा वेळ ठरवून या, असं उत्तर मिळायचं. त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला मोहीम काढली: मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. सहा लाखांवर सह्या जमल्या. फेब्रुवारीतच तिथल्या बँकांना काउंटरच्या वेळा वाढवण्याचं आणि ज्येष्ठांना आधी सेवा देण्याचं कबूल करावं लागलं.

आण्णा: त्या डॉक्टरनं वर्ग लावला नाही, बाई. सह्या गोळा केल्या.

बाई: ऑनलाइन गोळा केल्या, आण्णा. फोन किंवा संगणक येत होता म्हणून सहा लाख झाल्या. आपल्याकडं सुप्रीम कोर्ट काय म्हणालं, तेही ऐका. ३० एप्रिल २०२५ चा निकाल आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि अंध व्यक्तींनी दाद मागितली होती की केवायसीच्या वेळी डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात, ती आम्ही कशी करायची? कोर्ट म्हणालं, डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हक्कच असेल तर तो वापरायला शिकवणं हेही आलंच की त्यात.

आण्णा: तोच निकाल मी वेगळा वाचतो. उघडझाप हा एकच मार्ग ठेवू नका, दुसरा द्या, असं कोर्टानं सांगितलं. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसालाही दुसरा मार्ग द्या, एवढंच मी मागतोय. पूर आठवा की. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पन्नाशीच्या पार गेली. लाइट नाही, फोन चार्ज करायला सोय नाही. क्यूआर चिकटवलेल्या दुकानात दूध कशावर घ्यायचं? आणि जून २०२३ मध्ये तर पाऊसही नव्हता. शहरात गोंधळ झाला आणि नेटच बंद केलं. त्या दिवशी खिशात नोट होती तो निवांत होता.

बाई: नोट असू द्याच, मी कुठं नको म्हणते? पण जून २०२३ मध्ये ठिणगी पडली ती फोनवरच्या स्टेटसवरूनच. आपल्या वयाची माणसं आलेलं सगळं पुढं ढकलतात, कारण छापलेलं खरं असतं असं मानून आपण वाढलोय. कुणी पाठवलं, कधीचं आहे, हे बघायला शिकवायला नको? पुरातही तेच. नदी किती फुटांवर आहे ते प्रशासन फोनवर कळवतं, आणि धरण फुटल्याच्या अफवाही फोनवरच येतात. दोन्हींतला फरक सांगणारा कुणीतरी पाहिजे. आणि शिक्षणाच्या सक्तीचं म्हणाल, तर कोल्हापूरला ती नवी नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत घातलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया. पोरगं गुरं राखतंय, त्याला अक्षरं कशाला, असं तेव्हाही लोक म्हणाले असतील.

आण्णा: महाराजांनी दंड लावला, पण गावात शाळा काढली, मास्तर नेमला, फी माफ केली. फोनच्या बाबतीत दंड आधी आलाय. ओटीपी सांगता आला नाही, केवायसी राहिली, अनुदान थांबलं, हा दंडच की हो. शाळा कुठाय?

बाई: म्हणूनच मी वर्ग घेते.

आण्णा: तुमचा वर्ग म्हणजे तुमचा चांगुलपणा. मघाशी तुम्हीच म्हणालात, चांगला माणूस भेटला तर काम होणार, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

बाईंनी यावर वाद घातला नाही, आणि मला वाटतं सगळ्या भांडणाचा गाभा इथंच आहे. सक्ती झाली, शाळा झाली नाही. २०२२ पासून चालू असलेल्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांना घेतात, वरच्या वयाची अट नाही, आणि त्यात डिजिटल व आर्थिक साक्षरतेचाही समावेश आहे. पण तो निरक्षरांसाठी आहे. रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा निवृत्त तलाठी कागदावर साक्षर असतो. ओटीपी आणि पिन यांतला फरक त्याला कुणी सांगायचा, याचं उत्तर कुठल्याच खात्याकडं नाही.

म्हातारपणी शिकता येत नाही, ही सबब तर महाराष्ट्रात चालायलाच नको. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं गुलाबी लुगड्यातल्या साठी-सत्तरीच्या, त्याहून म्हाताऱ्याही आज्यांना पाटी-दप्तर घेऊन बसवलं आणि त्या सही करायला शिकल्या. तिथं जागा ठरलेली होती, वेळ ठरलेली होती आणि घाई नव्हती. फोनच्या शाळेला याहून वेगळं काय लागतं? जागा शोधायलाही लांब जायला नको. राज्यात अकरा हजारांहून जास्त अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० मधलं. पेपर चाळायला सकाळी तिथं जाणारी माणसं बहुतेक याच वयाची असतात. ग्रंथालयाच्या अनुदानात आठवड्याच्या दोन वर्गांचं आणि एका शिकवणाऱ्याच्या मानधनाचं कलम घातलं, तर बाईंची तब्येत बिघडली तरी वर्ग बंद पडणार नाही. मी हे सुचवतो तेव्हा कुणी तरी तरुण स्वयंसेवकांचं नाव काढतं. स्वयंसेवक जरूर यावेत, पण परीक्षा आल्या की ते जातात, आणि आजींचा प्रश्न नेमका तेव्हाच उभा राहतो.

राहिला चोरीचा मुद्दा. त्यावर दोघं बोलायला लागले तेव्हा आवाज चढले.

आण्णा: फोन शिकला की चोर घरात आला. हे तरी मान्य करा.

बाई: चोर साध्या फोनवरही येतो. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये फसलेल्यांत निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. फोन त्यांना माझ्यापेक्षा चांगला येत होता.

आण्णा: मग तुमच्या शिकवण्याचा उपयोग काय? त्यांना वाचवलं असतं ते काउंटरनं. म्हातारी बाई मुदतठेव मधेच मोडायला आली की कॅशियर विचारतो, आक्का, काय अडचण आहे? एवढ्या एका प्रश्नानं पैसे वाचल्याच्या बातम्या येतात की पेपरात. ॲप विचारत नाही.

बाईंनी हे मान्य केलं, आणि त्यांचा अभ्यासक्रम बदलला तो इथं. डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही अटक भारताच्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका, तपासासाठी पैसे या खात्यात ठेवा, म्हणतो. हे सगळं वर्गात सांगून झालं होतं, सगळ्यांच्या वहीतही होतं. पण बाईंना जाणवलं की सभासद फोन कापायलाच धजत नाहीत. समोरचा ‘साहेब’ बोलतोय आणि आपण मधेच फोन ठेवायचा, हे त्यांच्या हातून होत नाही. त्यांना उद्धटपणा वाटतो. चोर भीतीवर जगतो तसा या रीतभातीवरही जगतो.

मग त्यांनी आण्णांनाच कामाला लावलं. आण्णा शेजारच्या खोलीत बसून एकेकाला फोन लावायचे, भारदस्त आवाजात दिल्लीहून बोलतोय सांगायचे, आणि समोरच्यानं एक शब्दही न बोलता फोन कापायचा. पहिल्या दिवशी एका निवृत्त हेडमास्तरांनी ‘नमस्कार साहेब’ म्हणून आधारचे पहिले चार आकडे सांगितले. आवाज आण्णांचा आहे हे माहीत असूनही सांगितले. पुन्हा लावला, पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा कापला, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आता तो धडा दर महिन्याला होतो. वहीच्या पुठ्ठ्यावर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर प्रत्येकानं मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. आण्णा त्याचं कारणही सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणं पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. शिवाय लवकर कळवलं तर पैसे चोराच्या खात्यातून पुढं जाण्याआधी अडवता येतात. म्हणून लाज वाटली तरी आधी फोन करायचा, पोराला नंतर सांगायचं.

संघानं आता बँकेला आणि जिल्हा प्रशासनाला अर्ज द्यायचं ठरवलंय. कच्चा मसुदा बाई लिहितात, आण्णा शेजारी बसून सांगतात.

आण्णा: लिहा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सत्तरीच्या पुढच्यांना काउंटर वेगळा. घरपोच सेवेचा फलक मराठीत, दारातच.

बाई: लिहिलं. आणि काउंटरशेजारी टेबल टाकून शिकवायला बँकेचा माणूस बसवा, हेही लिहिते.

आण्णा: शेजारी नको, बाई. रांग वाढली की सगळ्यांना त्या टेबलाकडं ढकलतील. मी केलीय ती नोकरी, मला माहीत आहे.

बाई: मग टेबल ग्रंथालयात.

आण्णा: ग्रंथालयात चालेल. पण फोनवर करायचं का काउंटरवर, हे ज्यानं-त्यानं ठरवायचं, आणि काउंटरवर आलेल्याला ‘ॲप नाही का?’ असं विचारायचं नाही, हे त्याच्या आधी घाला.

बाई: घातलं. करा सही. अजून बाकीच्यांच्या घ्यायच्यात, आणि नोव्हेंबरच्या आत पोचला पाहिजे अर्ज.